आखडतो की आखडलाय?

मंगळवार आणि शुक्रवार आमच्या ओपीडीत लहान मुलांचे. सकाळच्या एसटीनं आलेल्या आया साडेनऊपर्यंत बाकड्यांवर बसलेल्या असतात. कडेवर मावेनासं झालेलं पोर, खांद्याला पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या फायलीत घडी पडून पडून फाटायला आलेले कागद. पहिला नंबर बहुतेक वेळा लांबून येणाऱ्यांचाच लागतो. आमचे वॉर्डबॉय मामा तशीच सोय करून ठेवतात आणि जवळ राहणारे कुरकुरतात.

त्या मंगळवारी मॅटवर पाच वर्षांचा मुलगा उताणा झोपवलेला होता. सातमाशा. जन्मला तेव्हा काचेच्या पेटीत महिनाभर ठेवलेला. हात चांगले चालतात, बोलतो भरपूर, पण चालायला लागला की दोन्ही चवड्यांवर उभा राहतो आणि गुडघे एकमेकांवर घासतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलांच्या मेंदूत आतल्या पोकळ्यांच्या कडेच्या भागाला इजा व्हायचा धोका जास्त, आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके त्या कडेनंच जातात. म्हणून अशा मुलांचे हात पुष्कळदा वाचतात आणि पाय सापडतात.

मी त्याची टाच उजव्या तळहातात घेतली, तळपाय माझ्या कोपराखालच्या हाताला टेकवला, डावा हात गुडघ्यावर ठेवून पाय सरळ केला. मग अगदी हळू, पाच-सहा आकडे मोजत, चवडा त्याच्या नडगीकडे नेला. आला. काटकोन झाला, काटकोनाच्या पुढेही थोडा आला. पाय परत खाली सोडला आणि आता तीच हालचाल झटक्यात केली. निम्म्यावर खट्.

हा खट् कानाला ऐकू येत नाही. तळहाताला कळतं की पोटरीत आतून कुणीतरी कडी घातली. क्षणभर थांबलं की कडी निघते आणि पाय पुढे सरकतो. कधी कधी सरकायच्या ऐवजी चवडा लटलट उडायला लागतो, शिलाई मशीनच्या सुईसारखा. तो आम्ही मोजतो. या मुलाचा पाच वेळा उडाला आणि थांबला. मुलाला मजा वाटते. ‘परत कर,’ म्हणाला.

त्याची आई शेजारी मांडी घालून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, ‘हळू केलं की देतोय मॅडम. घाईनं केलं की धरतोय.’

सिडनीचे जेम्स लान्स या मज्जाविकारतज्ज्ञांनी १९८० साली स्पास्टिसिटीची जी व्याख्या मांडली, तिच्यात तांत्रिक शब्दांची गर्दी आहे. स्नायू ताणला की त्याची आपोआप होणारी प्रतिक्रिया ताणण्याच्या वेगानुसार वाढते, आणि हे मेंदू व मज्जारज्जूतून स्नायूंवर येणाऱ्या नियंत्रणाच्या बिघाडाचं एक अंग आहे, असा तिचा मथितार्थ. आम्ही कॉलेजात ती पाठ केली, तोंडी परीक्षेत घडाघडा म्हटली. वेग हा त्या व्याख्येचा कणा. या बाईनं तो दोन छोट्या वाक्यांत सांगितला होता, आणि तिनं तो पुस्तकातून घेतलेला नव्हता. रोज सकाळी पोराच्या पायात मोजा घालताना तिला तो कळला होता.

मला हे समजावून सांगायला पूर्वी फार अडचण यायची. हल्ली बापमाणसांना सीटबेल्टचं उदाहरण देते. हळू ओढला तर हवा तेवढा येतो, हिसका दिला की अडकतो. टेम्पो चालवणाऱ्यांना पटकन पटतं. बायकांपैकी पुढच्या सीटवर बसण्याचा योग थोड्यांनाच येतो, त्यांना जुन्या लाकडी टेबलाच्या खणाचं सांगते. आत काय घडतं तेही सांगते. स्नायूच्या आत बारीक चात्यांसारखे खबरे असतात. आपल्याला किती आणि किती वेगानं ताणलं जातंय, ही खबर ते पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूला देतात आणि मज्जारज्जू मेंदूला न विचारताच हुकूम सोडतो, ‘आवळ.’ तुमच्या-माझ्या अंगातही हे चालूच असतं, फक्त वरून मेंदूचा लगाम असतो. मेंदूला इजा झाली की लगाम ढिला पडतो आणि खालचा हुकूम मोठ्यानं ऐकू येतो. म्हणजे दोष पोटरीत नसतो. पण लोक तेल पोटरीलाच लावतात.

त्या बाईला मी पुढचा प्रश्न विचारला. माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे असं मला आता वाटतं. ‘ताई, पाय आखडतो का आखडलाय?’

हा फरक मला कुठल्या पुस्तकानं शिकवला नाही. आया काय बोलतात ते पाच-सात वर्षं ऐकल्यावर ध्यानात आलं. ‘आखडतो’ म्हणणाऱ्या बाईच्या मुलाचा पाय झोपेत सुटलेला असतो, कोमट पाण्यात बसवल्यावर सैल होतो, रडला की पुन्हा ताठतो. ‘आखडलाय’ म्हणणाऱ्या बाईचं मूल झोपेतही पाय तसाच ठेवतं. तिथं स्नायू स्वतःच आखूड झालेला असतो, त्याची लवचीकता गेलेली असते, आणि हळू करा की जोरात करा, पाय एका ठिकाणी येऊन थांबतो. पहिल्याला औषध, इंजेक्शन, बसण्या-उभं राहण्याच्या पद्धती, व्यायाम यांचा उपयोग होतो. दुसऱ्याला प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. एक नेहमीचा वर्तमानकाळ, एक पूर्ण झालेला. मराठीच्या तासाला काळ शिकवताना गुरुजींनी हे उदाहरण दिलं असतं तर व्याकरण मला आवडलं असतं.

फ्रान्समधल्या तार्द्यू यांनी १९५४ सालीच हे वेगवेगळ्या वेगांनी मोजायची रीत मांडली होती. जोरात केल्यावर पाय जिथं अडतो तो एक कोन, हळू केल्यावर जिथं पोचतो तो दुसरा. दोघांत अंतर मोठं असेल तर ‘आखडतो’, अंतर जवळजवळ नसेल तर ‘आखडलाय’. तरी जगभर ओपीडीत जास्त वापर झाला तो दुसऱ्याच एका मोजपट्टीचा. ब्रायन अॅशवर्थ यांनी १९६४ साली मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर एक औषध तपासताना शून्य ते चार असे आकडे ठरवले. हातपाय हलवून बघायचा आणि जेवढा अडथळा लागेल तेवढा आकडा लिहायचा. १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी एक आणि दोनच्या मध्ये आणखी एक पायरी घातली आणि तिला नाव दिलं ‘एक अधिक’. मी एकदा कागदावर ‘१+’ लिहीत असताना मामांनी विचारलं होतं, ‘म्हणजे दीड का मॅडम?’ सव्वा, दीड, पावणेदोन अशी सगळी सोय असलेल्या भाषेतला माणूस असंच विचारणार. मी हो म्हटलं.

या आकड्याची खरी अडचण मात्र वेगळी आहे. तो किती घट्ट ते सांगतो, का घट्ट ते सांगत नाही. मज्जेनं धरलंय की स्नायूच आटलाय, दोघांनाही तीनच मिळतात. लान्सच्या व्याख्येवरही पुढे असेच आक्षेप येत गेले. २००५ मध्ये युरोपातल्या एका अभ्यासगटानं ती बरीच रुंद केली, आपोआप होणाऱ्या सगळ्या स्नायू-हालचालींना तिच्यात जागा दिली. २०१७ मध्ये तिथल्याच तज्ज्ञांनी सहमतीनं सुचवलं की हाताला जो अडथळा लागतो त्याला सरसकट स्पास्टिसिटी म्हणू नका, आधी नुसता ‘जास्तीचा विरोध’ म्हणा आणि मग त्यात मज्जेचा वाटा किती, स्नायूचा किती ते वेगळं करा. तो लेख वाचताना मला आमच्या बाकड्यावरच्या आया आठवल्या. त्यांचं क्रियापद हे काम कधीपासून करत होतं.

अर्थात बोलीभाषा दर वेळी वाट दाखवतेच असं नाही, ती खड्ड्यातही घालते. मी मुंबईत वाढले, शिकले, आणि नोकरीला इकडे आले तेव्हा पहिल्या वर्षी एका आजीनं नातवाबद्दल सांगितलं, ‘उचलून घेतलं की आखडी येती.’ मी ऐकलं आकडी. आकडी म्हणजे फिट. मी केसपेपरवर तसं लिहिलं, आणि मेंदूला इजा झालेल्या पुष्कळ मुलांना फिटही येतात, त्यामुळं डॉक्टरांनाही त्यात वावगं वाटलं नाही. पोराला मेंदूचा आलेख काढायला जिल्ह्याच्या गावी पाठवलं. गाडीखर्च, एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि आलेखात काही निघालं नाही. पोर उचलताना मान मागे टाकून धनुष्यासारखं ताठ व्हायचं, एवढंच आजी सांगत होती. एका ‘ख’नं तिचे पैसे गेले. तेव्हापासून मी ‘कसं होतं ते करून दाखवा’ म्हणते. आया पोरासारखं ताठ होऊन दाखवतात, इतर आया हसतात, आणि निदान बरोबर होतं.

आमचीही भाषा काही फार शहाणी नाही. एका वडिलांना मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, ‘याचा टोन वाढलाय.’ त्यांचा चेहरा उजळला. ‘वाढलाय? म्हणजे सुधारणा आहे.’ वजन वाढलं, उंची वाढली, मार्क वाढले, मग टोन वाढला तर वाईट कसं? त्यानंतर मी ‘पाय जास्त कडक लागतोय’ म्हणते.

मराठी समाजाला पाय अधू होण्याची ओळख मुख्यतः पोलिओनं करून दिली. पोलिओचा पाय बारीक, लोंबता, सैल. लुळा, पांगळा हे आपले शब्द त्या सैलपणाचे. पोलिओत विषाणू मज्जारज्जूतल्या पेशीच मारतो, हुकूम सोडणाराच जातो, म्हणून स्नायू ढिला पडतो. आमच्या या मुलांचं उलटं, हुकूम सोडणारा शाबूत आणि आवरणारा गैरहजर. पण गावात बघणाऱ्याला दोन्ही पोरं लंगडतच दिसतात. भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मार्च २०१४ मध्ये मिळालं, तरी अजून बाप विचारतो, ‘डोस तर सगळे दिलेत, मग पोलिओ कसा?’ त्या वाक्यात स्वतःच्या बायकोवरचा संशयही असतो. कुठला तरी रविवार हिनं चुकवला. बाई मान खाली घालून बसलेली असते. अशा वेळी ‘हा पोलिओ नाही’ एवढं वाक्य मी दोनदा, मोठ्यानं, बापाकडे बघत म्हणते. उपचाराचा तो पहिला भाग असतो.

मोठ्या माणसांना अर्धांगवायू होतो तेव्हा आपली भाषा सगळं वाऱ्यावर टाकते. ‘अंगावरून वारं गेलं.’ धनुर्वातात वात, अर्धांगवायूत वायू. ओढणं हा अर्थ मात्र ग्रीकांनी पकडला होता. ‘स्पाझ्म’ हा शब्द ओढणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच गुदमरणं आणि मुलांचे ताठ हातपाय यांचा संबंध मांडला, तेव्हा त्यांनी या ताठपणाला स्पास्टिक हेच विशेषण लावलं. लिटल स्वतः लहानपणापासून वाकड्या पावलाचे. जर्मनीत जाऊन स्ट्रोमायर यांच्याकडून १८३६ मध्ये पाऊल सरळ करून घेतलं आणि मग तीच शस्त्रक्रिया इंग्लंडात सुरू केली. पुढं कितीतरी वर्षं या अवस्थेला लिटलचा आजार म्हणत.

विशेषण होतं तोवर ठीक होतं. स्पास्टिक पाय, स्पास्टिक चाल. त्याचं नाम कधी झालं याची तारीख सांगता यायची नाही, पण १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये पालकांनी संस्था काढली तिचं नावच स्पास्टिक्स सोसायटी. तेव्हा त्या शब्दाला सभ्यपणा होता, देणगीच्या डब्यावर तो लिहिलेला असे. मग शाळेच्या मैदानावर पोरांनी तो उचलला. चेंडू सुटला की ‘स्पास्टिक’, धडपडला की ‘स्पास्टिक’. शेवटी १९९४ मध्ये संस्थेनं नाव बदलून ‘स्कोप’ केलं. अमेरिकेत त्याच शब्दाचं आखूड रूप गाण्याबिण्यात इतकं रुळलं की तिथं कुणाला बोचेना. २०२२ च्या जूनमध्ये लिझो या गायिकेच्या नव्या गाण्यात ते आलं, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या हॅना डिव्हिनी या लेखिकेनं जाहीरपणे सांगितलं की माझ्या आजाराचं नाव स्पास्टिक डायप्लेजिया आहे, माझ्या पायांतला न संपणारा ताण म्हणजे तो शब्द. लिझोनं ओळ बदलली. दोन महिन्यांनी बियॉन्सेलाही तेच करावं लागलं. डायप्लेजिया म्हणजे आमच्या मॅटवरच्या सातमाशाला आहे तेच.

मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी आपल्या मुलीच्या, मालिनीच्या निमित्तानं शाळा सुरू केली तीही स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया याच नावानं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेनं आलेला हाच अधूपणा, असलेल्या मुलांना शाळेची दारं बंद असताना काढलेली ही शाळा. मालिनी चिब पुढं परदेशात शिकल्या, एका बोटानं टाइप करून त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. या संस्थेचं नाव आता अडॅप्ट. कोलकात्याची, दिल्लीची, चेन्नईची अशी नावं घेऊन निघालेल्या संस्थांनीही ती बदलली. बेंगळुरूच्या संस्थेनं जुनं नाव ठेवलंय. कुणी बरोबर केलं हे ठरवायचा अधिकार मला नाही. माझ्या परीनं मी एक पाळते, हा शब्द स्नायूला लावते, माणसाला लावत नाही.

हे मी पाळायला लागले ते एका नववीतल्या मुलीमुळं. ती तिसरीपासून माझ्याकडे येत होती. शाळेच्या परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून मी तिला पत्र दिलं. इंग्रजीत, घाईत, दोन ओळींचं, ‘ही मुलगी स्पास्टिक आहे’ या धर्तीचं. पाकीट बंद केलं नाही. आठवड्यानं तिनं ते पत्र परत आणून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘मॅडम, मी हे आहे?’ तिच्या वर्गात एक मुलगा मुंबईहून आला होता, त्यानं तिला अर्थ सांगितला होता. डिक्शनरीतला नव्हे, मैदानावरचा. मी तेव्हा पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई. मी तिला समजावू लागले, शब्द वैद्यकीय आहे, वाईट नाही वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग पायाबद्दल लिहा ना.’ मी पत्र दुसरं लिहिलं. तिनं ते तिथंच बसून वाचलं, एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि घेऊन गेली.

सरकारी कागदावर याच काळात अपंगाचे दिव्यांग झाले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर तो शब्द सुचवला आणि बघता बघता खात्यांच्या पाट्या बदलल्या. अनेक अपंग कार्यकर्त्यांना तो मुळीच रुचला नाही, आमच्यात दैवी काय आहे, रॅम्प बांधा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या बाकड्यावर त्याचा अर्थ एवढाच आहे की दाखला मिळवायचा. ‘दिव्यांग झालं का त्याचं?’ असं एक आई दुसरीला विचारते. दिव्यांग म्हणजे कार्ड. आणि आम्ही नव्या दमाचे लोक सौम्य, मध्यम, तीव्र हे जुने शिक्के टाकून १९९७ पासून आलेल्या पाच पातळ्या वापरतो, मूल स्वतः काय करू शकतं यावरून ठरवलेल्या. त्याचंही नाम व्हायला वेळ लागला नाही. परवा एक ज्युनियर मुलगी फोनवर म्हणाली, ‘आत्ता एक लेव्हल थ्री आलाय.’ मी तिच्याकडे बघितलं. तिला कळलं नाही मी का बघतेय.

दुपारी मोठ्यांची वेळ. बासष्ट वर्षांचे एक काका, अर्धांगवायूला आठ महिने झालेले. पहिले काही आठवडे उजवा हात पूर्ण ढिला होता, नंतर ताठरपणा शिरला. आता कोपर दुमडलेलं, मनगट वाकलेलं, मूठ आवळलेली आणि अंगठा मुठीच्या आत कोंडलेला. काकू नखं काढायला म्हणून घेऊन आल्या होत्या, कारण नखं तळहातात रुतायला लागली होती आणि मुठीला वास यायला लागला होता. घरी मुलानं बोटं धरून उघडायचा प्रयत्न केला होता. बोटांची टोकं ओढली की मूठ जास्तच आवळते, हे त्याला कोण सांगणार.

अशी मूठ उघडायला जोर लागत नाही, वेळ लागतो. मी काकांना खुर्चीत नीट टेकवून बसवलं, दोन्ही पाय जमिनीला टेकवले. पाय अधांतरी असले तरी हात आवळतो. हात उशीवर घेतला, कोमट पाण्यातला पंचा पाच मिनिटं गुंडाळून ठेवला. मग मनगट सरळ करायच्या ऐवजी आणखी आत वाकवलं. बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या मनगटावरून जातात, मनगट आत वाकलं की त्या सैल पडतात. मग अंगठा. टोकाला नाही धरायचा, मुळाशी, जिथं तो तळहाताला जुळतो तिथं धरून हळूहळू बाहेर काढायचा. अंगठा सुटला की बाकीची बोटं ढिली होतात, करंगळीपासून एकेक सोडवायची. मध्येच काका खोकले आणि सगळं परत मिटलं. पुन्हा पहिल्यापासून.

वीस मिनिटांनी मूठ उघडली. आतली कातडी पांढरी, ओलसर, भिजलेल्या कागदासारखी. चार नखांच्या चार चंद्रकोरी तळहातात उमटलेल्या, एकीतून थोडं रक्त. काकूंनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. पदरानं टिपायला गेल्या, मी कापूस दिला. नखं काढली, हात धुऊन कोरडा केला, सुती फडक्याची गुंडाळी करून मुठीत दिली आणि मनगटाला पट्टी बसवायचं ठरवलं. मग काकूंकडून मूठ उघडून घेतली. त्यांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. त्या मध्ये मध्ये काकांशी बोलत होत्या, आंब्याला मोहोर आलाय, अमक्याच्या मुलाचं जमलं, आणि मी गप्प राहून काम करत होते. घाई, भीती, थंडी, बद्धकोष्ठता, लघवीचा त्रास, अंगठ्याचं दुखरं नख, कशानंही आवळ वाढते. मणक्याला मार बसलेल्या माणसाचे पाय एकाएकी जास्त उडायला लागले तर आम्ही आधी लघवीची नळी तुंबलीय का आणि पाठीला जखम झालीय का ते बघतो. त्याला खालचं दुखणं जाणवत नाही, पण पाय तक्रार करतात.

जाता जाता काकूंनी हळूच विचारलं, ‘जांभई आली की ह्यांचा हात आपोआप वर येतो. म्हणजे जीव येतोय ना?’ हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. जांभईनं लुळा हात उचलला जातो याला वैद्यकात लांबलचक नाव आहे. मेंदूच्या खालच्या, जुन्या भागाचा तो खेळ, मनानं केलेली हालचाल नव्हे. मी काकूंना एवढंच म्हटलं की हात मेलेला नाही हे खरं, पण तो त्यांच्या सांगण्यानं वर येतो का ते आपण बघत राहू.

ताठरपणा हा शत्रूच, असं समजून वागल्याची एक चूक आमच्या टीमच्या नावावर आहे. पन्नाशीचे एक दुकानदार, डावी बाजू गेलेली, पाय लाकडासारखा ताठ, अर्धवर्तुळ काढत चालायचे. मांडीत आणि पोटरीत बोटुलिनमची इंजेक्शनं दिली. या इंजेक्शनचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिन्यांत उतरतो. दोन आठवड्यांनी अॅशवर्थचा आकडा तीनवरून एकवर आला, फायलीत ते फार सुंदर दिसत होतं. आणि दुकानदार रिक्षातून उतरताना गुडघ्यात मोडून खाली बसले. ‘मॅडम, पाय कुठं गेला माझा?’ ताठ पाय ही त्यांची काठी होती. खालची ताकद किती उरलीय हे आम्ही आधी नीट बघायला हवं होतं. पुढचे तीन महिने मांडीच्या ताकदीचे व्यायाम करून घेतले. आमच्या शिक्षकांच्या पिढीला हेही पटलं नसतं. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्यानं घालून दिलेल्या पद्धतीत जोर लावला की स्पास्टिसिटी वाढते, म्हणून आधी टोन ‘नॉर्मल’ करा, अशी शिकवण होती. १९९० नंतरच्या अभ्यासांत ताकदीच्या व्यायामानं ती वाढत नाही असं दिसलं. मी शिकले तेव्हा वहीत ‘टाळा’ असं लिहिलं होतं, त्याच गोष्टीखाली आता ‘रोज’ लिहिते.

सातमाशाचा पाय हळू केल्यावर काटकोनाच्या पुढे जात होता, म्हणजे अजून वेळ होता. रात्री घालायचे प्लास्टिकचे बूट करून दिले, दिवसा स्टँडिंग फ्रेममध्ये उभं करायला सांगितलं, घरच्या घरी उतारावरून चालायचा खेळ दिला. जानेवारीत त्याच्या आईचा फोन आला. मागं कोंबड्यांचा आवाज आणि पोराचं काहीतरी मोठ्यानं चाललेलं.

‘मॅडम, थंडीनं परत पाय धराय लागलाय.’

‘ताई, आखडतो का आखडलाय?’

ती थांबली. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग पोराची हसण्या-किंचाळण्याची गडबड, मग ती परत फोनवर आली.

‘हळू केलं की देतोय.’

‘मग शुक्रवारी या. आणि बूट घेऊन या, आखूड होत असतील.’